इंदूरच्या मातीत रुजलेला साहेब : अल्बर्ट हॉवर्ड, यशवंत वाड आणि खताच्या खड्ड्यातली उष्णता

इंदूरच्या अन्नपूर्णा भागात सकाळी देवळाची घंटा आणि कचरागाडीवरचं गाणं एकाच वेळी कानावर येतं. घराघरातून ओला कचरा वेगळा, सुका वेगळा बाहेर येतो. देवळातली फुलं, भाजीची देठं, उरलंसुरलं अन्न, सगळं ओल्यात. या शहरात 2022 साली रोज 550 टन ओला कचरा घेऊ शकणारा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. ओल्या कचऱ्यातून गॅस निघतो आणि मागे उरतं ते खत.

देशात सर्वांत स्वच्छ शहर म्हणून इंदूरचं नाव आता सगळ्यांना पाठ आहे. पण खताशी या शहराचं नातं जवळपास शंभर वर्षांचं आहे. बुऱ्हाणपूर असो, बेळगाव असो, आदिलाबाद असो की यवतमाळ, शेतकी शाळेत शिकलेल्या माणसाला कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ माहीत असतेच. परीक्षेत तो प्रश्न हमखास असायचा. मात्र ही पद्धत कुणी काढली, कशी काढली आणि त्या खड्ड्याच्या पोटात नेमकं काय घडतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

ती पद्धत जगापुढे मांडणाऱ्या माणसाचं नाव सर अल्बर्ट हॉवर्ड. त्यांच्यासोबत पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आणखी एक नाव आहे, यशवंत डी. वाड. मराठी कानाला ओळखीचं वाटणारं हे नाव पुढे मात्र मागे पडलं.

शेतकऱ्याचा मुलगा, प्रयोगशाळेतला माणूस

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म 8 डिसेंबर 1873 रोजी इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यात, बिशप्स कॅसल या गावी झाला. घरची शेती होती. शेण, माती, गुरं हे सगळं लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणि नंतर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांनी शिक्षण घेतलं. निसर्गविज्ञानात पहिल्या वर्गात पास झाले, शेतकीची पदविकाही घेतली.

1899 साली ते वेस्ट इंडीजला गेले. पिकांवरच्या बुरशीचे रोग अभ्यासायचे, हे त्यांचं काम. ऊस, कोको अशा पिकांवरचे रोग ते सूक्ष्मदर्शकाखाली बघत आणि शेतकऱ्यांना उपाय सांगत. पण इथेच त्यांना एक गोष्ट खटकू लागली. आपण दुसऱ्याला सल्ला देतो, पण आपल्या हातात एक गुंठाही जमीन नाही. आपण सांगितलेला उपाय स्वतः करून बघायची सोयच नाही. मग हा सल्ला खरा की खोटा, हे कळणार कसं?

ही खटक त्यांच्या मनातून पुढे कधी गेली नाही. त्यांच्या सगळ्या कामाची आणि सगळ्या भांडणांची मुळं तिथेच सापडतात.

पुसा आणि 75 एकर

1905 साली हॉवर्ड हिंदुस्थानात आले. बिहारमध्ये पुसा इथे सरकारी शेती संशोधन संस्था नुकतीच उभी राहत होती. तिथे त्यांची नेमणूक इंपीरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट म्हणून झाली. त्याच वर्षी मुंबईत त्यांचं लग्न गॅब्रिएल मथाई यांच्याशी झालं.

गॅब्रिएल स्वतः मोठ्या शास्त्रज्ञ होत्या. केंब्रिजमध्ये असताना पानं प्रकाशात अन्न कसं तयार करतात आणि त्यावर तापमानाचा काय परिणाम होतो, यावर त्यांनी केलेलं काम आजही वनस्पतिशास्त्रात मोलाचं मानतात. हिंदुस्थानात त्या नवऱ्याच्या बरोबरीनं शेतात आणि प्रयोगशाळेत राबल्या. 1913 साली त्यांना स्वतंत्र सरकारी पद मिळालं. त्या काळात एका बाईला असं पद मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. पुढच्या बहुतेक पुस्तकांवर दोघांची नावं आहेत.

पुशाला हॉवर्ड यांनी स्वतःसाठी जमीन मागितली. सहजी मिळाली नाही, पण शेवटी 75 एकर पदरात पडली. तिथे त्यांनी गव्हाच्या नव्या जाती काढल्या. ‘पुसा 4’ आणि ‘पुसा 12’ या जाती दूरदूरच्या शेतकऱ्यांपर्यंत गेल्या.

पण त्या 75 एकरांत त्यांना दुसरंच काही दिसू लागलं. आसपासचे शेतकरी औषधफवारणी करत नव्हते, पिशवीतलं खत टाकत नव्हते, तरी त्यांची पिकं बऱ्यापैकी निरोगी होती. हॉवर्ड यांनी ठरवलं, यांच्याकडून शिकायचं. हाताखालच्या बैलांनाही त्यांनी चांगल्या जमिनीतला चारा घालून जोपासलं. शेजारच्या लाळ्या-खुरकुताच्या गुरांशी नाकाला नाक लागलं तरी आपले बैल आजारी पडले नाहीत, असं त्यांनी पुढे नोंदवून ठेवलं. यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष सगळ्यांना पटला नाही आणि तो आजही जसाच्या तसा कुणी मान्य करत नाही. पण प्रश्न विचारायची त्यांची दिशा बदलली ती इथून. रोग का आला, याऐवजी निरोगी का राहिलं, हे ते विचारू लागले.

सरकारी खात्याला हे परवडणारं नव्हतं. रोगाचं खातं वेगळं, किडीचं वेगळं, मातीचं वेगळं, बियाण्याचं वेगळं. हॉवर्ड सगळ्यांच्या हद्दीत पाय टाकत होते. शेतात पीक एकच असतं, त्याचे तुकडे कागदावर होतात, हे त्यांचं म्हणणं. खटके उडाले. अखेर त्यांनी ठरवलं की आपली संस्था आपणच उभारायची.

होळकरांच्या राज्यात

1924 साली हॉवर्ड दांपत्य इंदूरला आलं. होळकर दरबारानं शहराजवळ सुमारे 300 एकर जमीन भाडेपट्ट्यानं दिली. मध्य हिंदुस्थानातली संस्थानं आणि कापूस समिती यांनी पैशाचा भार उचलला. संस्थेचं नाव ठेवलं इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री. त्या वेळी अन्नपूर्णेचं आजचं देऊळ नव्हतं, ते 1959 सालचं. त्या काळचं इंदूर राजवाड्याभोवतीचं शहर होतं, आणि दरबारापासून पेठेपर्यंत मराठी भाषा कानावर पडत होती.

कामाचा मुख्य विषय कापूस. माळव्याची काळी माती विदर्भ-खानदेशच्या माणसाला वेगळी सांगायला नको. पावसात फुगते, चिकट होते, हवा कोंडते. उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. हॉवर्ड यांच्या लक्षात आलं की कापसाची नुसती जात सुधारून भागणार नाही. पावसाळ्यात मुळं गुदमरतात. आधी पाण्याचा निचरा, मग मातीत सेंद्रिय द्रव्य, मग बियाणं, असा क्रम त्यांनी लावला.

संस्थेतल्या मजुरांकडेही त्यांचं लक्ष होतं. मजुरी वेळेवर, कामाचे तास बेताचे, राहायला बरी घरं, औषधपाण्याची सोय. थकलेल्या माणसाकडून चांगलं काम होत नाही, हा त्यांचा साधा हिशोब.

आता सेंद्रिय द्रव्य आणायचं कुठून? इथे अडचण होती आणि ती प्रत्येक खेड्यातली होती. शेणाच्या गोवऱ्या थापून चुलीत जात. उरलेलं शेण उकिरड्यावर उन्हापावसात पडून निम्मं वाया जाई. दुसरीकडे पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या, धसकटं, गवत, पालापाचोळा शेतात जाळला जाई. शेण कमी आणि काडीकचरा भरपूर. थोड्या शेणात जास्त काडीकचरा कुजवता आला तर काम होणार होतं.

यशवंत वाड आणि खड्ड्याचं गणित

या कामात हॉवर्ड यांचे मुख्य साथीदार होते यशवंत वाड. संस्थेच्या कृषी रसायन विभागाचं काम ते पाहत. कुजणाऱ्या ढिगाला किती पाणी लागतं, नत्र किती टिकतं, किती उडून जातं, उष्णता कधी किती असते, याच्या नोंदीवरच पद्धत उभी राहिली. हॉवर्ड यांनी चीनच्या शेतकऱ्यांच्या खतविद्येबद्दल वाचलं होतं, इंग्लंडमधल्या प्रयोगांची माहिती घेतली होती. त्याला माळव्याच्या गोठ्याशी जोडायचं काम इंदूरला झालं.

पद्धत अशी. साधारण 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल खड्डा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं म्हणून जमिनीवरच ढीग. पऱ्हाटीसारखा टणक माल आधी शेतरस्त्यावर पसरायचा. गाड्यांच्या चाकांखाली आणि बैलांच्या खुरांखाली तो आपोआप चिरडला जातो. मग काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणाचा पातळ थर, त्यावर गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख. शिंपडायला पाणी. दह्याला विरजण लावतात तसं आधीच्या खड्ड्यातलं अर्धवट कुजलेलं साहित्यही थोडं मिसळायचं. ढीग दाबायचा नाही, आत हवा खेळली पाहिजे.

मग ठरावीक दिवसांनी तीन वेळा खालीवर करायचं. पहिली चाळण साधारण दोन आठवड्यांनी, दुसरी महिन्याभरानं, तिसरी दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत खत तयार. काळपट, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास येणारं.

गोठ्यातल्या मूत्रमातीचा वापर हा यातला कळीचा भाग. शेणापेक्षा मूत्रात नत्र जास्त सहज मिळतं आणि नेमकं तेच सगळीकडे वाहून जात होतं. काडीकचऱ्यात कर्ब भरपूर, नत्र कमी. दोन्हींचं प्रमाण सुरुवातीला सुमारे 33 ला 1 असेल तर कुजणं नीट चालतं, असं त्यांना आढळलं.

थर्मामीटर लावून घेतलेल्या नोंदी आजही वाचण्याजोग्या आहेत. खड्डा भरल्यावर उष्णता झपाट्यानं 65 अंश सेल्सिअसपर्यंत चढायची. मग हळूहळू उतरत नव्वदाव्या दिवसाच्या सुमाराला 33 अंशांवर यायची. खालीवर केलं की पुन्हा थोडी वर. आग नाही, ऊन नाही, तरी हात घालवणार नाही इतकं गरम. ही उष्णता सजीवांची होती. डोळ्यांना न दिसणाऱ्या बुरशी आणि जीवाणू यांच्या खाण्यापिण्याची.

65 अंशांत कोण जगतं?

हॉवर्ड आणि वाड यांनी ढीग बाहेरून वाचला. वास, ओल, रंग, उष्णता यांवरून त्यांनी आतल्या कामाचा अंदाज बांधला. खड्ड्याच्या पोटात एकेका पेशीत काय निर्णय होतात, हे कळायला पुढची पन्नास-साठ वर्षं जावी लागली. पण तो उलगडा आज हाताशी आहे आणि त्याशिवाय इंदूरच्या खड्ड्याची गोष्ट पुरी होत नाही.

65 अंशांत बहुतेक जीवाणू मरतात. काही उष्णताप्रिय जाती तिथे मजेत वाढतात. आणि काही जाती तिसराच मार्ग धरतात. त्या बीजाणू होऊन बसतात. वाळल्या गवतात हमखास सापडणारा बॅसिलस सबटिलिस हा त्यातला सगळ्यांत अभ्यासलेला. 1876 च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी गवत भिजवलेलं पाणी उकळलं, तरी त्यातून हा जीवाणू पुन्हा उगवला. त्याच्या पोटात चमकदार दाण्यासारखं काहीतरी होतं. तोच बीजाणू.

बीजाणू म्हणजे जीवाणूचं पिल्लू नव्हे. ज्वारी पेवात घालून वरून लिंपून टाकावी, तसा तो जीव बंद करून ठेवणं आहे. आत पाणी फार थोडं, वर थरावर थर कवच, खाणंपिणं बंद. असा बीजाणू वर्षानुवर्षं पडून राहतो. ओल आणि अन्न मिळालं की काही मिनिटांत जागा होतो.

हा निर्णय फुकटचा नसतो. घाई केली तर शेजारी अन्न खाऊन वाढतात आणि हा झोपून राहतो. उशीर केला तर कवच बांधायला शक्तीच उरत नाही. म्हणून जीवाणू शेवटपर्यंत थांबतो. भूक लागल्याची खूण मिळाली की पेशीतली काही प्रथिनं स्वतःवर फॉस्फेटचा तुकडा चढवतात आणि तो पुढच्याला देतात. आग विझवताना बादल्या हातोहात पुढे जातात, तसाच हा प्रकार. वाटेत बादली काढून घेणारेही असतात, म्हणजे परिस्थिती तितकी वाईट नसेल तर निरोप मध्येच थांबतो. निरोप शेवटपर्यंत पोचला तर तो स्पो-झिरो-ए नावाच्या मुख्य प्रथिनाला मिळतो. हे प्रथिन पुरेसं जागं झालं की शेकडो जनुकांचं काम बदलतं. काही बंद, काही चालू.

सगळ्याच पेशी एकदम हा मार्ग धरत नाहीत. आधी बीजाणू व्हायला निघालेल्या काही पेशी विष सोडून शेजारच्या भावंडांना मारतात, त्यांच्यावर गुजराण करून आपला निर्णय थोडा लांबवतात. एकाच आईच्या पेशी, पण उपासमारीत वागणं असं.

एक वही, दोन वाचक

बॅसिलस सबटिलिसच्या पेशीत सुमारे 4,100 जनुकं आहेत. 1997 साली त्यांची पूर्ण वाचणी झाली. ही जनुकं म्हणजे पाककृतींची एक जाडजूड वही समजा. वहीतली कृती उतरवून घेणारं यंत्र पेशीत असतं. पण कोणतं पान उघडायचं, हे त्याला सिग्मा नावाचं प्रथिन दाखवतं. रोजच्या जगण्यासाठी एक सिग्मा पुरतो. बीजाणू बनवताना मात्र एकामागून एक चार नवे सिग्मा येतात. बीजाणू बनण्याच्या पायऱ्या आधी ऑक्सफर्डमध्ये जोएल मँडेलस्टॅम यांच्या गटानं लावल्या, आणि सिग्मांची ही साखळी हार्वर्डमध्ये रिचर्ड लॉसिक यांच्या गटानं उलगडली.

सुरुवातीला पेशी मधोमध न विभागता एका टोकाला भिंत घालते. एक खोली लहान, एक मोठी. दोन्हीकडे वही तीच, पण वाचलं जातं वेगळं. लहान खोलीत पहिला सिग्मा जागा होतो. तो भिंतीपलीकडे निरोप पाठवतो आणि मोठ्या खोलीत दुसरा जागा होतो. मग मोठी पेशी लहानीला चारी बाजूंनी वेढून पोटात घेते. आतल्या लहान पेशीत तिसरा सिग्मा कामाला लागतो, तोही निरोप देतो, तेव्हा बाहेरच्या मोठ्या पेशीत चौथा.

एकानं हाक मारल्याशिवाय दुसरा पुढचं पान उघडत नाही. घर बांधताना पाया भरल्याशिवाय गवंडी भिंत उचलत नाही, तसंच. मधला एक निरोप चुकला तर बीजाणू अर्धवट राहतो.

मोठ्या पेशीला शास्त्रज्ञ आई-पेशी म्हणतात. ती लहान पेशीवर कवचाचे थर चढवते. आतल्या गाभ्यात कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल भरलं जातं, पाणी कमी होतं, जनुकांवर लहान लहान प्रथिनं गुंडाळली जातात. प्रयोगशाळेत 37 अंशांवर हे सगळं सात-आठ तासांत उरकतं. शेवटी आई-पेशी फुटून मरते आणि बीजाणू मोकळा होतो.

इंदूरच्या खड्ड्यात खालीवर करण्याचा अर्थ इथे लागतो. कडेचा न कुजलेला माल आत जातो, हवा शिरते, ओल सारखी होते. झोपलेल्यांना अन्न मिळतं, ते जागे होतात, उष्णता पुन्हा चढते. खाण्याजोगं संपत आलं की पुन्हा बीजाणू, पुन्हा उतार. तयार खताच्या मुठीत असे असंख्य बीजाणू असतात आणि शेतात गेल्यावर ते पुन्हा कामाला लागतात.

याच गोष्टीची दुसरी बाजू शेतकऱ्यानं लक्षात ठेवायला हवी. खड्ड्याची उष्णता तणांचं बी आणि पुष्कळ रोगजंतू मारते, पण बीजाणू मारेलच असं नाही. काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स हा रोग बीजाणूंनीच पसरतो आणि ते मातीत दशकानुदशकं टिकतात. म्हणून काळपुळीनं मेलेलं जनावर फाडायचं नाही, कातडं काढायचं नाही, खताच्या खड्ड्यात तर मुळीच टाकायचं नाही. पशुवैद्यकाला कळवायचं आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणेच विल्हेवाट लावायची.

गॅब्रिएल गेल्या

इंदूरचं काम रंगात आलं असतानाच 1930 साली युरोपात गॅब्रिएल यांचं निधन झालं. पंचवीस वर्षांचा संसार आणि पंचवीस वर्षांचं एकत्र काम एकदम थांबलं. हॉवर्ड इंदूरला फार काळ राहिले नाहीत. 1931 साली ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. त्याच वर्षी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांचं ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ हे पुस्तक काढलं. इंदूर पद्धत जगापुढे गेली ती या पुस्तकातून.

पुढे हॉवर्ड यांनी गॅब्रिएल यांच्या बहिणीशी, लुईझ मथाई यांच्याशी लग्न केलं. त्याही विदुषी होत्या आणि हॉवर्ड यांच्या उत्तरायुष्यातल्या लेखनाला त्यांचा मोठा आधार होता.

इंदूरला काम थांबलं नाही. 1934 साली जॅक्सन आणि वाड यांनी वस्तीतल्या कचऱ्याचं आणि मैल्याचं इंदूर पद्धतीनं खत कसं करावं, यावर पुस्तिका काढली. म्हणजे शहराचा कचरा खताला लावायचा विचार याच शहरात नव्वद वर्षांपूर्वी झाला होता. 1935 साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या गांधीजींनी संस्थेत जाऊन ही पद्धत पाहिली.

शेवटची वर्षं आणि भांडण

1934 साली हॉवर्ड यांना ‘सर’ हा किताब मिळाला. इंदूर पद्धत केनियातल्या कॉफीच्या मळ्यांत, चहाच्या बागांत, आणखी कुठे कुठे गेली. 1940 साली त्यांचं ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हे पुस्तक आलं. ते त्यांनी गॅब्रिएल यांना अर्पण केलं. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी ते वाचलं आणि 1942 साली सेंद्रिय शेतीवरचं मासिक सुरू केलं. आज जगभर सेंद्रिय शेती म्हणून जे काही चालतं, त्याच्या मुळाशी जी थोडी नावं घेतली जातात, त्यात हॉवर्ड यांचं नाव वरचं आहे.

त्यांच्याच देशातल्या शेतीशास्त्रज्ञांशी मात्र त्यांचं जमलं नाही. रासायनिक खतानं मातीचं आणि माणसाचं आरोग्य बिघडतं, असं ते ठासून सांगत. विरोधक पुरावा मागत. काही बाबतीत हॉवर्ड यांचं म्हणणं पुराव्याच्या पुढे धावत होतं, हे खरं आहे. खतानं माती सुधारते हे त्यांनी दाखवलं होतं, पण त्यानं सगळे रोग टळतात हे दाखवलेलं नव्हतं. तरी माती ही नुसती रसायनांची पेटी नाही, ती जिवांनी भरलेली आहे, हा त्यांचा मूळ मुद्दा पुढच्या विज्ञानानं खोडला नाही, उलट तपशिलानं भरून काढला.

हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर दोनच महिन्यांनी, 20 ऑक्टोबर 1947 रोजी अल्बर्ट हॉवर्ड यांचं निधन झालं.

नाव कुणाचं राहिलं?

पद्धतीला हॉवर्ड यांनी स्वतःचं नाव दिलं नाही, इंदूरचं दिलं. त्यामुळे शहराचं नाव जगभर गेलं. पुढे बंगलोर पद्धत आली. विदर्भात पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्याची पद्धत काढली, तिला त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणतात. खालीवर करायची मेहनत त्यात वाचते. प्रत्येकानं आपल्या भागाची अडचण बघून त्याच गोष्टीला नवं रूप दिलं.

हॉवर्ड यांना सेंद्रिय शेतीचे जनक म्हणायची पद्धत पडली आहे. पण ज्या शेतकऱ्यांना त्यांनी स्वतःचे गुरू मानलं, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. गॅब्रिएल यांचं नाव अर्पणपत्रिकेपुरतं आठवतं. आणि यशवंत वाड यांचं नाव पहिल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर असूनही पुढच्या बहुतेक लेखांत हॉवर्ड एकटेच उरले. इंदूरची ती संस्था आज कृषी महाविद्यालय म्हणून चालू आहे. अन्नपूर्णेहून शहर ओलांडून गेलं की तिची जमीन लागते. तिथे शिकणाऱ्या मुलांना आणि सीमेपलीकडे इंदूर पद्धत पाठ करणाऱ्या मुलांना हॉवर्ड यांच्यासोबत वाड यांचंही नाव सांगितलं जावं, इतकं तर करता येईल.